बुटांच्या खोक्यातली बेसबॉल कार्डं: खेळाडू नको, साल निवडा

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकाला गॅरेज सेलमध्ये बेसबॉल कार्डांनी भरलेला बुटांचा खोका मिळाला. त्यात बरीचशी १९७५ची दुरंगी चौकटीची कार्डं आहेत, बरीच १९८७ची लाकडी चौकटीची, आणि थोडी १९५२च्या धाटणीची पण कोरी करकरीत. ते लिहितात, "बेसबॉल मला जेमतेम कळतो. पैसे कमवायचे नाहीत. पण या कार्डांची मांडणी डोळ्यांत भरली. त्या नजरेने संग्रह करायचा तर काय बघायचं, सुरुवात कुठून करायची आणि खरं जुनं कोणतं, जुन्यासारखं केलेलं कोणतं, हे कसं ओळखायचं?"

आधी गठ्ठ्यांना लावलेली रबरबँडं काढा, मग पुढचं वाचा. टॉप्स या कार्डं काढणाऱ्या कंपनीच्या १९५२च्या सेटमधलं (सेट म्हणजे एका वर्षीची क्रमांक घातलेली सगळी कार्डं) पहिल्या क्रमांकाचं कार्ड अँडी पाफको या खेळाडूचं आहे. चांगला खेळाडू, पण दंतकथा व्हावी असा नव्हे. तरीही ते कार्ड स्वच्छ अवस्थेत निघालं तर त्याला भरमसाट किंमत येते. कारण पोरं कार्डं क्रमांकाने लावायची, गठ्ठ्याला रबरबँड घालायची आणि सगळा मार सगळ्यात वर बसलेल्या पाफकोला खावा लागायचा.

मी छपाईच्या धंद्यातला माणूस आहे. पुण्यात ऑफसेटवर हात काळे केले, पुढे इकडे अमेरिकेत आलो तेव्हा छपाईपूर्व विभागात रंग वेगळे करण्याचं काम केलं. त्यामुळे या कार्डांकडे मी खेळाच्या बाजूने नाही, छापखान्याच्या बाजूने आलो. तुम्हीही मांडणीच्याच वाटेने आलेले दिसता, म्हणून माझा सल्ला सरळ आहे: खेळाडू निवडू नका, साल निवडा.

बहुतेक लोक उलटं करतात. मिकी मँटल हवा, जॅकी रॉबिन्सन हवा, असे गाजलेले खेळाडू धरतात, आणि मग खिशाला कात्री. १९५२च्या टॉप्समधलं मँटलचं ३११ क्रमांकाचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. पण त्याच सेटमधल्या, कुणाला आठवतही नसलेल्या एखाद्या राखीव कॅचरच्या कार्डावर तीच चौकट आहे, तीच शाई, तोच पुठ्ठा, तेच हाताने रंगवलेलं आकाश. कोपरे झिजलेलं असं कार्ड हॉटेलातल्या एका जेवणाच्या बिलात मिळतं. अशा बिननावाच्या कार्डांना संग्राहक 'कॉमन' म्हणतात. मांडणी बघणाऱ्याला कॉमन म्हणजे पर्वणीच, कारण बाजार फक्त नावाचे पैसे लावतो, मांडणीचे लावत नाही.

दुसरी गोष्ट. आज आपल्याला जे 'रेट्रो' म्हणून गोड वाटतं, ते त्या वेळी कुणी गोड दिसावं म्हणून केलेलं क्वचितच असतं. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकायचं, फोटो वेळेवर आला नाही, खेळाडूने ऐन वेळी संघ बदलला, रंगीत छपाई परवडेना, पुठ्ठा स्वस्तातला घ्यायचा, या अडचणींतून ते निघालं आहे. ही अडचण एकदा कळली की कार्ड वाचता येतं.

अगदी मागे गेलात तर सिगारेटच्या पाकिटातली कार्डं लागतात. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या कार्डांना आज टी-२०६ म्हणतात. आकाराने जेमतेम दीड बाय अडीच इंच. ती शिळाछापाच्या पद्धतीची, एकावर एक सपाट रंग चढवून केलेली. आपल्याकडे १८९४मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यातून जी देवादिकांची चित्रं निघाली, ती याच तंत्राची. रविवर्मा छापाची जुनी तसबीर जवळून पाहिली असेल तर टी-२०६ हातात घेतल्यावर ओळख पटते: तीच दाणेदार सावली, मागे तसंच विरत गेलेलं नारिंगी-निळं आकाश. टी-२०६ हा क्रमांक दिला जेफरसन बर्डिक या सिरॅक्यूजच्या संग्राहकाने. कार्डांची शास्त्रशुद्ध सूची पहिल्यांदा त्यांनी केली आणि आपला सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. त्यात बेसबॉलचीच तीस हजारांवर कार्डं आहेत. न्यू जर्सीहून तुम्हाला ते म्युझियम जवळ आहे. तिथे बेसबॉल कार्डांचं छोटं प्रदर्शन अधूनमधून लावतात, लागलं की चुकवू नका.

आता १९५२. तुमच्या खोक्यातली 'कोरी करकरीत' कार्डं ज्याची नक्कल आहेत, ते हे साल. ब्रुकलिनची टॉप्स ही मुळात च्युइंगगमची कंपनी. बेसबॉल कार्डांच्या बाजारात तेव्हा बोमन या दुसऱ्या कंपनीचं राज्य होतं. १९५१मध्ये टॉप्सने पत्त्यांसारखी, गोल कोपऱ्यांची ५२-५२ कार्डांचे दोन लहान संच काढून पाहिले, पण ते काही जमले नाहीत. मग त्या वर्षीच्या शरद ऋतूत साय बर्गर आणि वूडी गेलमन या दोघांनी बर्गरच्या ब्रुकलिनमधल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नवं कार्ड रचलं. कार्ड बोमनपेक्षा ठळकपणे मोठं केलं, २ ५/८ बाय ३ ३/४ इंच. समोर रंगीत फोटो, संघाचं चिन्ह, नाव, आणि खाली खेळाडूच्या सहीची छापील प्रतिकृती. मागे उंची, वजन, जन्मगाव, चार ओळींची माहिती आणि गेल्या वर्षाचे व कारकिर्दीचे आकडे. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही रचना आहे हेच जाणवत नाही. सात दशकं झाली, गाडी त्याच रुळावरून धावते आहे.

त्या फोटोंकडे नीट पाहा. मुळात ते काळे-पांढरे आहेत, रंग वरून चढवलेले. गालांवर जरा जास्तच गुलाबी झाक, टोपीचा निळा एकसारखा, आणि मागचं आकाश कधी चक्क सपाट पिवळं. मँटलच्या कार्डावरचं ते निळं वास्तवातलं नाहीच. रंगवणाऱ्याने निवडलेलं आहे. आणखी एक गंमत: ३११ ते ३१३ ही तीन कार्डं, म्हणजे मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन, छापताना एकाच तावात दोनदा बसवली होती. दोन्ही वेळा कलाकाम थोडं वेगळं उतरलं. मागच्या बाजूला क्रमांकाभोवती जो चेंडू आहे, त्याच्या शिलाईचा रोख दोन नमुन्यांत उलटसुलट आहे. एवढंसं टोक, पण त्यावरून तावातली जागा कळते. आमच्यासारख्या छपाईवाल्यांना असल्या गोष्टींत जास्त रस, काय करणार.

या सेटचा शेवटचा भाग, ३११ ते ४०७, उशिरा बाजारात आला. हंगाम सरत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. १९६० साली उरलेली खोकी बार्जवर घालून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवली, ही हकीकत बर्गर यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

१९५३मध्ये दोन्ही कंपन्यांनी दोन टोकं गाठली. टॉप्सने फोटो बाजूला ठेवून चित्रकारांकडून व्यक्तिचित्रं रंगवून घेतली. बोमनने खऱ्या रंगीत फोटोंवर भिस्त ठेवली, तीही अशी की कार्डाच्या समोरच्या बाजूला एक अक्षर नाही. ना नाव, ना संघ, ना सही. पांढरी किनार, काळी बारीक रेघ आणि फोटो, संपलं. एवढ्या संयमाने केलेलं कार्ड त्या काळात दुसरं नाही. पी वी रीझ चेंडू फेकताना हवेत आहे आणि खाली घसरत येणारा खेळाडू धुळीत, हे कार्ड जरूर पाहा. पण रंगीत छपाईचा खर्च झेपला नाही. १६० कार्डांनंतर बोमनने पुढची ६४ काळी-पांढरी काढली.

१९५५मध्ये बोमनने खेळाडूला टीव्हीत बसवलं. कार्ड आडवं, भोवती लाकडी कॅबिनेटची चौकट, फोटो पडद्याच्या गोलसर आकारात. घरोघरी टीव्ही येत होते, आणि अमेरिकेतलं लाकडी कॅबिनेटवालं नवलाईचं यंत्र पोराच्या खिशात आलं. त्या सेटमध्ये पंचांचीही कार्डं आहेत, ती मला विशेष प्रिय. लाकडाच्या दोन छटा आहेत, पहिली ६४ फिकट, पुढची गडद. हे बोमनचं शेवटचं वर्ष. १९५६च्या सुरुवातीला टॉप्सने बोमन विकत घेतलं आणि १९५७ला कार्ड लगेच लहान झालं: अडीच बाय साडेतीन इंच. स्पर्धक गेला, पुठ्ठा वाचला. आजही तेच माप प्रमाण आहे. तुमच्याकडची १९७५ आणि १९८७ची कार्डं त्याच मापाची आहेत. १९५७ पासून रंगीत फोटोही रुळले. त्या वर्षीच्या हँक एरनच्या कार्डात निगेटिव्ह उलटी लागली, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा एरन डावखुरा दिसतो. कार्ड तसंच विकलं गेलं.

साठचं दशक मी भरभर सांगतो, कारण त्यात चढउतार फार. १९६२ची लाकडी चौकट, जिथे फोटोचा खालचा उजवा कोपरा पान दुमडावं तसा वळलेला आहे, ती सुंदर. १९६४ला मागे प्रश्न छापला होता, उत्तर दिसायला नाण्याच्या कडेने घासायचं. घासलेलं कार्ड बाजारात कमी मोलाचं. मला मात्र कुणा पोराने उत्सुकतेने घासलेलंच जास्त आवडतं. १९६५मध्ये खालच्या कोपऱ्यातल्या पताकेवर संघाचं नाव फडकतं, रंगसंगतीत या दशकातला हा माझा पहिला नंबर. १९६८ला गोणपाटाची चौकट. ती का केली असावी, देव जाणे. १९६९चं ऑरेलियो रॉड्रिगेझचं कार्ड प्रसिद्ध आहे ते त्यावर रॉड्रिगेझ नाहीच म्हणून. फोटो संघाच्या बॅटबॉयचा, म्हणजे बॅटी सांभाळणाऱ्या पोराचा आहे.

त्या काळात खेळाडूंच्या संघटनेने टॉप्सकडून चांगला करार मिळावा म्हणून सदस्यांना फोटो द्यायला मनाई केली होती. मार्व्हिन मिलर तेव्हा संघटनेचे प्रमुख होते. परिणाम कार्डांवर दिसतो: जुनेच फोटो पुन्हा वापरलेले, आणि टोपी नसलेले चेहरे. त्यातच १९६९ला चार नवे संघ आले, त्यांचे गणवेश फोटो काढायच्या वेळी अस्तित्वातच नव्हते. टोपी नसलेला फोटो कोणत्याही संघाला चालतो. बोडका खेळाडू दिसला की तिथे कामगार-वाटाघाटी किंवा संघबदल लपलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

फोटो नसेल तर ब्रश. टॉप्सचे कलाकार फोटोवर नव्या संघाची टोपी रंगवायचे. १९७७चं रेजी जॅक्सनचं कार्ड बघा. तो १९७६ला बाल्टिमोरकडून खेळला, नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने घेतला, कार्ड तर हिवाळ्यात छापायला जायचं. म्हणून बाल्टिमोरच्या गणवेशावर यांकीजचा गणवेश चढवला. १९७६च्या बदली-खेळाडूंच्या पुरवणीतलं ऑस्कर गॅम्बलचं कार्ड तर वेगळंच प्रकरण: प्रचंड मोठी आफ्रो केशरचना आणि तिच्यावर रंगवलेली यांकीजची टोपी, जी प्रत्यक्षात तिथे टिकलीच नसती. ब्रशचं काम ओळखायचं कसं? टोपीच्या कडेला केस मध्येच कापल्यासारखे संपतात, चिन्ह सपाट बसतं, कापडाची सुरकुती त्याखालून जात नाही. ही कार्डं स्वस्त आहेत आणि भिंगाखाली बघायला अफलातून.

१९७४ची पॅड्रेजची गोष्टही याच जातीची. सॅन दिएगोचा संघ वॉशिंग्टनला जाणार असं जवळजवळ ठरलं होतं. टॉप्सने आधीच "वॉशिंग्टन नॅशनल लीग" असं संक्षेपात छापून टाकलं, कारण नव्या संघाला नावच नव्हतं. मग जानेवारीत मॅकडोनाल्ड्सवाल्या रे क्रॉकने संघ विकत घेऊन सॅन दिएगोतच ठेवला, आणि टॉप्सने पुढच्या छपाईत मजकूर बदलला. दोन्ही आवृत्त्या आज मिळतात. एका संघाचं न झालेलं स्थलांतर पुठ्ठ्यावर कायम राहिलं.

१९७१ हे साल मांडणीच्या दृष्टीने धाडसी. पूर्ण काळी चौकट. वर संघ, त्याखाली खेळाडूचं नाव सगळं लहान लिपीतल्या अक्षरांत, फोटोवर काळी सही. मागे पहिल्यांदाच खेळाडूचा छोटा फोटो, आणि त्याला जागा करायला वर्षावार आकड्यांचा तक्ता काढून टाकलेला. पोरं तेव्हा चिडली असणार. काळ्या कडेला जरा धक्का लागला की पांढरा पुठ्ठा उघडा पडतो, त्यामुळे निर्दोष १९७१ दुर्मीळ. आमच्या धंद्यातही कडेपर्यंत गडद रंग नेला की कटिंगवाला कपाळाला हात लावायचा, त्याचं कारण हेच. काही विक्रेते काळ्या मार्करने कड रंगवतात. कार्ड आडवं धरून प्रकाशात फिरवा: मार्करची शाई जांभळट चमकते आणि पुठ्ठ्याच्या जाडीत झिरपलेली दिसते.

१९७२मध्ये सिनेमागृहाच्या दर्शनी फलकासारखी कमान, भडक रंगांत संघाचं नाव, शहराचा पत्ता नाही, खेळाडूची मैदानावरची जागाही समोर लिहिलेली नाही. माझ्या मते टॉप्सचं सगळ्यात बेफाम वर्ष. काहींना ते बटबटीत वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

आता तुमचं १९७५. वर एक रंग, खाली दुसरा, मध्ये गोल कोपऱ्यांचा फोटो, वर जाड बाह्यरेषेच्या अक्षरांत संघ, खालच्या उजव्या कोपऱ्यात छोट्या चेंडूत खेळाडूची जागा, फोटोवर सही. एकूण ६६० कार्डं. या रंगजोड्यांचा संघाच्या रंगांशी काहीही संबंध नाही. एकाच संघाच्या दोन खेळाडूंना वेगवेगळ्या जोड्या मिळतात. म्हणजे रंग माहिती देत नाहीत, निव्वळ नाचतात. जांभळा-गुलाबी, तपकिरी-नारिंगी, हिरवा-पिवळा अशा जोड्या नऊ कप्प्यांच्या एका पानात लावून बघा, सत्तरच्या दशकातल्या पडद्यांचं दुकान उघडल्यासारखं दिसेल. तुमच्याकडे आधीच गठ्ठा आहे, तेव्हा तुमचं साल हेच, असं मी सुचवेन. क्रमांकाने नको, रंगजोड्यांनी लावा. जोडीचं एक कार्ड असा छोटा संच करा. क्रमांकांचा हट्ट सोडला की हा सेट फार स्वस्तात उभा राहतो, कॉमन एक-दोन डॉलरांत सहज मिळतात.

६६० हा आकडा उगाच नाही. टॉप्सच्या तावावर १३२ कार्डं बसायची, पाच ताव म्हणजे ६६०. १९८७चा सेट ७९२चा, म्हणजे सहा ताव. तावाची कल्पना आली की 'सेंटरिंग'ही समजतं: चौकट एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक दिसते ती कापताना ताव सरकल्यामुळे. दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या त्याचे गुण कापतात. मी मात्र अशी कार्डं मुद्दाम घेतो, आणि रंग जागेवर न बसलेली तर हमखास. चेहऱ्याबाहेर अर्धा मिलिमीटर सरकलेला गुलाबी रंग पाहिला की यंत्रावर त्या दिवशी काय चाललं होतं याचा अंदाज बांधता येतो, आणि ते कार्ड दहा-वीस सेंटांना पडतं.

१९८७ची लाकडी चौकट ही १९६२ची आठवण काढून केलेली. म्हणजे तुमच्या खोक्यातलं पहिलं जाणूनबुजून 'रेट्रो' कार्ड ते. त्या सुमारास कार्डं इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की संग्राहक त्या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात (वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद). तेव्हा त्यात पैसा शोधू नका. बॅरी बॉन्ड्स ३२० आणि मार्क मॅग्वायर ३६६ बाजूला काढा, बाकी मुलांना खेळायला द्या. पुठ्ठा अजून करडाच आहे, हे मात्र हाताला लागू द्या. १९८९ला अप्पर डेक ही नवी कंपनी आली. दोन्ही बाजूंना पांढरा चकचकीत कागद, मागेही रंगीत फोटो, आणि बनावट रोखायला छोटा होलोग्राम. त्यापुढे टॉप्सलाही करडा पुठ्ठा सोडावा लागला. १९९१ नंतर पाकिटात कार्डांसोबत यायची ती च्युइंगगमची पट्टीही गेली. गमचे आणि मेणाचे डाग हे त्याआधीच्या कार्डांचे वयाचे दाखले. पाकिटातल्या शेवटच्या कार्डाच्या पाठीवर आयताकृती तपकिरी डाग दिसला तर तो गमचा.

पाठीविषयी दोन शब्द, कारण लोक ती बघतच नाहीत. करड्या पुठ्ठ्यावर दोन रंगांत सगळं बसवायचं: आकडे, माहिती, आणि छोटं व्यंगचित्र. त्या व्यंगचित्रांत अमुक खेळाडू हिवाळ्यात विमा विकतो, तमुक जण बँकेत काम करतो, असली माहिती सर्रास. तेव्हाच्या खेळाडूंना हंगामाबाहेर नोकरी करावी लागे, हे इतक्या थेटपणे दुसरीकडे कुठे वाचायला मिळणार? कार्डं विकत घेताना मी पाठ आधी बघतो.

आता तुमची ती १९५२च्या धाटणीची नवी कार्डं. टॉप्सने २००१ पासून 'हेरिटेज' नावाची मालिका सुरू केली. पहिल्या वर्षी १९५२ची मांडणी, पुढच्या वर्षी १९५३ची, असं क्रमाने. २०२४ला १९७५ची पाळी आली. खेळाडू मात्र नवं कार्ड निघालं त्या वर्षीचे. तेव्हा कार्डावर अलीकडचा खेळाडू असेल तर प्रश्नच मिटला. जुनाच खेळाडू असेल तर पाठ उलटा. टॉप्सने १९८३ साली १९५२च्या सेटची अधिकृत पुनर्मुद्रणं काढली होती, ४०२ कार्डांची. त्यांच्यावर तसं छापलेलं आहे, आणि माप आजचं, अडीच बाय साडेतीन. खरं १९५२ फूटपट्टीवरच वेगळं पडतं.

कुणी तरी घरी छापलेली नक्कल असेल तर दहापट भिंग घ्या. ऑफसेटच्या जुन्या कार्डात फोटो ठिपक्यांचा असतो, पण काळी अक्षरं आणि रेघा सलग शाईच्या असतात, कडा स्वच्छ. नक्कल करणारा अख्खं कार्ड स्कॅन करतो, म्हणून त्याची काळी अक्षरंही रंगीबेरंगी ठिपक्यांची बनतात. ही एक कसोटी बहुतेक नकला पकडते. दुसरी, अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्यामुळे सिगारेटच्या काळातलं म्हणवणारं कार्ड निळसर झगमगलं तर ते खरं नाही. तिसरी, कडा. टी-२०६मधलं हॉनस वॅग्नरचं सगळ्यात गाजलेलं कार्ड, जे एकेकाळी हॉकीपटू वेन ग्रेट्झकीच्या मालकीचं होतं, त्याच्या कडा कापून नीटस केल्याचं लिलाव व्यावसायिक बिल मास्ट्रोने २०१३ला न्यायालयात कबूल केलं. कार्ड त्याआधीच मोठा दर्जा घेऊन प्लास्टिकच्या डबीत बंद झालेलं होतं. तेव्हा डबीवरच्या आकड्यापेक्षा आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवा. शिवाय डबीत गेलेलं कार्ड हाताला लागत नाही. मांडणीसाठी जमवणाऱ्याने दर्जा ठरवून घेण्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. खोक्यातून खरोखर मोठं नाव निघालं तर गोष्ट वेगळी.

ठेवण्याचं साधं आहे. प्रत्येक कार्डाला पातळ पारदर्शक पिशवी, महाग असेल तर वर कडक प्लास्टिकचं आवरण, बाकीच्यांना नऊ कप्प्यांची पानं. पानं पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पीव्हीसीची जुनी पानं, ज्यांना नव्या रेक्झिनचा वास येतो, ती शाई ओढून घेतात. ऊन टाळा, लाल आणि पिवळा आधी उडतात. कार्डं कधी मुंबईला किंवा कोकणात घेऊन जाणार असाल तर पावसाळ्याचा विचार करा. करडा पुठ्ठा पाणी पितो, वाकतो आणि बुरशीचे तांबूस ठिपके धरतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनआधी बदला. घट्ट गठ्ठे बांधू नका.

घ्यायची कुठे? ईबेवर कॉमनचे लॉट मिळतात, पण फोटोत रंग फसवे. मला कार्ड शो जास्त आवडतात. टेबलांखाली पन्नास सेंट, एक डॉलरवाली लांब खोकी असतात. विक्रेत्यांचं लक्ष काचेखालच्या नावांवर असतं. तुम्ही जमिनीवर बसा आणि खोकी उपसा. कोणतं साल हवं ते सांगितलंत तर म्हातारे विक्रेते आतून आणखी काढून देतात. त्यातल्या पुष्कळांनी ती पाकिटं लहानपणी स्वतः फोडलेली असतात, गप्पाही भरपूर होतात.

तुमच्या १९७५च्या गठ्ठ्यातून आधी तीन क्रमांक शोधा: २२३ रॉबिन यॉन्ट, २२८ जॉर्ज ब्रेट, दोघांची ती पदार्पणाची कार्डं, आणि ६६० हँक एरन. बेब रूथचा होम रनचा विक्रम एरनने आदल्या वर्षी मोडला होता, म्हणून टॉप्सने १ आणि ६६० ही दोन्ही टोकं त्याला दिली. मग सगळी कार्डं फूटपट्टीवर धरा. टॉप्सने त्या वर्षी हाच सेट मोजक्या भागांत थोड्या लहान मापातही विकून पाहिला होता, सव्वादोन बाय ३ १/८ इंच. तशी निघाली तर वेगळी ठेवा, त्यांना किंमत जास्त आहे आणि नेहमीच्या कप्प्यांत ती सैल पडून कोपरे मोडतात.